माजघरातला अंधार

आमचं माहीम म्हणजे केळवे-माहीम, मुंबईचं नव्हे. हा खुलासा मी नोकरीभर करत आलो, आता निवृत्तीतही करावा लागतो. पालघर स्टेशनला उतरायचं, रिक्षा नाहीतर एस.टी. धरायची, आणि दोन्ही बाजूंना वाड्या सुरू झाल्या की समजायचं, आलं आपलं गाव. नारळ, पोफळी, केळी, आणि त्यांच्या सावलीत चढणारी पानवेल. अशाच एका वाडीत आमचं घर होतं. 'होतं' म्हणतो, कारण गेल्या वर्षी होळीनंतर ते उतरवलं. वासे वाळवीने पोखरले होते, एक भिंत फुगली होती, आणि पुतण्याला तिथे स्लॅबचं घर बांधायचं होतं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गळक्या कौलांखाली रात्री उठून भांडी ठेवण्यात ज्यांना काव्य दिसतं, त्यांनी एक पावसाळा ती ठेवून पाहावीत.

घर उतरवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: आधी फोटो काढा. पुण्याची पुतणी, बडोद्याचा भाऊ, न्यू जर्सीतली नात, सगळ्यांना फोटो हवे होते. काम अर्थातच माझ्याकडे आलं. निवृत्त माणूस म्हणजे कुटुंबाचा सार्वजनिक कारकून. शिवाय साठी ओलांडल्यावर मला कॅमेऱ्याचा नाद लागला हे सर्वांना माहीत आहे. सूर्यास्ताच्या वेळचा केळव्याचा पाणकोट आणि सुरूच्या बनातली तिरपी उन्हं तुम्ही या पानावर नको इतकी पाहिली आहेत.

पण समुद्र सोपा असतो, माजघर अवघड, हे त्या दिवशी कळलं.

आमचं माजघर घराच्या पोटात होतं. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, एका अंगाला परसाकडे उघडणारं दार. खिडकी एकच, तीही हातभर. दार उघडं ठेवून मी फोटो काढला. परस छान आला, केळीची पानं, रहाटाचा खांब, सगळं. माजघर मात्र काळं ठिक्कर. मग कॅमेऱ्याला माजघराच्या हिशोबाने उजेड घ्यायला लावला. भिंत दिसली, कोनाडा दिसला, पण दाराच्या जागी पांढरा चौकोन. जणू घराबाहेर जगच नाही! आणि मी तर उभ्या उभ्या दोन्ही पाहत होतो.

याचं कारण शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. भर दुपारी उघड्या उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. माझ्या माजघराच्या कोपऱ्यात दहा-वीस असतील. म्हणजे काही हजार पटींचा फरक. आपला डोळा हा फरक एका दमात पेलतो असं नाही. तो दाराकडे वळला की बाहुली बारीक करतो, कोपऱ्याकडे वळला की मोठी करतो, आतल्या पडद्याची संवेदना कमीजास्त करतो, आणि मेंदू हे सारे तुकडे जोडून 'ही एक खोली' असं आपल्याला सांगतो. कॅमेरा बिचारा एकदाच डोळा उघडतो. त्याला एकच निर्णय घ्यावा लागतो: परस की माजघर.

यावरून एक गोष्ट ध्यानात आली आणि मी जरा खिन्न झालो. आमच्या घरातला पहिला कॅमेरा म्हणजे अ‍ॅग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो. काकांनी आणला होता. ते म्हणायचे, "उन्हात उभे राहा, सूर्य माझ्या पाठीशी पाहिजे." म्हणून आमचे सगळे जुने फोटो अंगणातले आहेत, सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळाला आठ्या. आईचे चार फोटो आहेत. चारही अंगणात, चारहीत नवं लुगडं, चारहीत ती पाहुणीसारखी उभी. ज्या खोलीत तिचं आयुष्य गेलं, त्या खोलीतला तिचा एकही फोटो नाही. कारण काय, तर तिथे उजेड नव्हता. तुमच्या घरातले जुने अल्बम काढून पाहा. पुरुष ओटीवर, खुर्चीत, दुकानात, शेतात दिसतील. बायका कामाच्या जागी क्वचितच दिसतील. काम अंधारात होतं आणि फिल्मला ऊन लागत होतं.

असो. तर मी हात टेकले आणि बोईसरला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या मुलाला फोन केला. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि संगणकातलं त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला एच.डी.आर. पाहिजे. रविवारी येतो. आईलाही आणतो, तिला घर एकदा बघायचंय."

एच.डी.आर. म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. मी त्याला 'उजेड-अंधाराचा मोठा पल्ला' म्हणतो. रीत साधी आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. एकाच दृश्याचे अनेक फोटो काढायचे, प्रत्येकात पडदा उघडा राहण्याचा वेळ वाढवत न्यायचा. आम्ही पाच काढले: सेकंदाचा पाचशेवा भाग, मग सव्वाशेवा, तिसावा, आठवा, आणि शेवटी अर्धा सेकंद. प्रत्येक वेळी आधीच्या चौपट. म्हणजे पहिल्यापेक्षा पाचव्यात सुमारे अडीचशे पट उजेड. पहिल्यात फक्त परस दिसतो, पाचव्यात फक्त माजघर. भोकाचं माप मात्र पाचही वेळा तेच ठेवायचं, नाहीतर कुठवरचं स्पष्ट दिसणार हेच बदलतं. बटणही बोटाने दाबायचं नाही, टायमर लावायचा, बोटाचा धक्का लागतो म्हणून.

मग हे पाच फोटो संगणकात घालायचे. त्याने मला 'ल्युमिनन्स एचडीआर' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते आधी पाचही फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवतं. मग प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून विचारतं, या पाचांत इथला खरा उजेड किती होता? तो काढून एक मोठा आकडा लिहितं. तयार होतो तो फोटो नव्हेच, उजेडाची मोजणीवही म्हणा. आपल्या नेहमीच्या पडद्यावर ती जशीच्या तशी दाखवता येत नाही, कारण साध्या फोटोत प्रत्येक रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात. म्हणून दुसरं काम: तो मोठा पल्ला या छोट्या पायऱ्यांत बसवायचा. याला टोन मॅपिंग म्हणतात. सगळी गोम इथे आहे.

हे बसवायच्या रीती अनेक, आणि या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना शोधणाऱ्यांची आडनावं दिली आहेत. मांतिउक, फताल, ड्रॅगो, ड्युरांड, राइनहार्ड... आणि मध्येच पट्टनाईक! हजेरीपटात परक्या नावांत एखादा ओळखीचा मुलगा सापडावा तसं वाटलं. हे सुमंत पट्टनाईक. या विषयाचं जे पाठ्यपुस्तक २००५ साली निघालं त्याच्या चार लेखकांपैकी ते एक. एकेक नाव निवडलं की तेच माजघर वेगळं दिसतं. कुणाचं मऊ, कुणाचं करडं, आणि फताल निवडला की भिंतीचा कण न् कण उठून येतो, देवीच्या खणांसारखा.

एक गंमतही झाली. बहीण दाराच्या उंबरठ्यावर बसली होती. पाच फोटो होईपर्यंत ती उठून परसात गेली. जोडलेल्या चित्रात ती अर्धपारदर्शक आली, तिच्यातून केळ दिसत होती! अशा आकृतीला या विद्येत 'घोस्ट', म्हणजे भूतच म्हणतात, आणि ते घालवायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. भाच्याने ती वापरली. पाचांपैकी एकच फोटो प्रमाण धरून त्या जागेपुरता तोच ठेवायचा, असा उतारा. त्याने धरलेल्या फोटोत उंबरठा रिकामा होता. भूत गेलं, आणि बहीणही गेली.

शेवटी आम्ही फताल निवडून, रंग जरा चढवून एक चित्र पक्कं केलं. काय सांगू! माजघर उजळून निघालं होतं. कोनाड्यातला तेलाचा डाग, जात्याचा खुंटा, आढ्याच्या गाठी, आणि दाराबाहेर हिरवागार परस, सगळं एकदम. मी ते व्हॉट्सअ‍ॅपवर कुटुंबाच्या समूहात टाकलं. दहा मिनिटांत अंगठे, फुलं, हात जोडलेले. "काका, किती सुंदर घर होतं आपलं!" "हेरिटेज!" न्यू जर्सीच्या नातीने तर ते छापून भिंतीला लावायचं ठरवलं.

बहिणीचं काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, पाहिलास का?

म्हणाली, "पाहिला. दादा, ही कुठली खोली रे?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आई त्या खोलीत तांदूळ हाताने चाचपून निवडायची. खडा बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. तिने एक काचेचं कौल मागितलं होतं, आठवतं? एक कौल. ते तिला मिळालं नाही. आता ती गेल्यावर तू संगणकातून तिथे दिवाळी केलीस."

मला राग आला. खरं सांगतो. चार दिवस राबून काढलेला फोटो, आणि ही अशी बोलते! पण राग उतरल्यावर प्रश्न उरलाच. मी खोटं केलं होतं का?

आधी माझी बाजू मांडतो. अनेक उजेडांतून एक चित्र करणं ही आजची लबाडी नाही. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राचे जे फोटो केले त्यांपैकी कित्येकांत आकाश एका काचेवरचं आणि पाणी दुसऱ्या काचेवरचं आहे. त्या काळच्या काचेवरचं रसायन निळ्या उजेडाला फार हळवं. लाटा येईपर्यंत आकाश पांढरं पडून जाई. म्हणून दोन काचा, आणि क्षितिजावर सांधा. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटाचे फोटो घ्यायला एकाच फिल्मवर कमीजास्त संवेदनेचे तीन थर दिले, म्हणजे स्फोटाचा गाभा आणि कडा दोन्ही एका फिल्मवर येतील. (आमच्या शेजारी तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून चालते, म्हणून हे वाचताना मी जरा सरसावून बसलो.) संगणकाने साध्या फोटोंतून खऱ्या उजेडाचं मापन कसं काढावं याचा जो गाजलेला शोधनिबंध १९९७ मध्ये आला, त्याच्या दोन लेखकांतले जितेंद्र मलिक हे मथुरेत जन्मलेले आणि कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले.

आपल्या माणसांचाही यात हात आहे. पवईच्या आय.आय.टी.तल्या षण्मुगनाथन रामन आणि सुभाशिस चौधुरी यांनी २००९ साली कमीजास्त उजेडाचे फोटो जोडण्याची एक रीत मांडली. कॅमेऱ्याची अंतर्गत मापं माहीत नसली तरी ती चालते. आणि नाशिकचे रमेश रासकर, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेलेले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये याहून धाडसी गोष्ट केली होती. एकाच जागेचा रात्रीचा फोटो घ्यायचा, दिवसाचा घ्यायचा, आणि रात्रीच्या फोटोत जे काळोखात बुडालंय तिथे दिवसाचा तपशील झिरपू द्यायचा. चित्र रात्रीचंच राहतं, पण रस्ता कुठे वळतो, झाड कुठे आहे ते कळतं.

आणि आपला डोळा तरी दुसरं काय करतो? तोही तुकडे जोडतोच. मग एकाच उघडझापीचा, काळ्या माजघराचा फोटो खरा आणि माझा खोटा, असं कसं म्हणता येईल? त्या काळ्या फोटोतही खोटं होतं. माजघर काही इतकं काळं नव्हतं. आम्ही तिथे जेवलो, झोपलो, पाढे म्हटले.

इतकं सगळं बहिणीला ऐकवायची मी तयारी केली होती. पण मग म्हैसूर आठवलं. शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा जगनमोहन राजवाड्यात हळदणकरांचं ते चित्र पाहिलं होतं, हातात दिवा घेतलेली मुलगी. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी ते १९४५-४६ मध्ये स्वतःच्या मुलीला, गीताला, उभं करून जलरंगात काढलं. ज्योत तळव्याआड आहे. बोटांच्या कडा आतून लाल दिसतात, चेहऱ्यावर उजेड, आणि मग तो हळूहळू विरत जातो. उजेड-अंधाराचा मोठा पल्ला तिथेही एका कागदावर बसवलाय, हाताने. पण हळदणकरांनी मागचा अंधार उजळला नाही. तो अंधारच ठेवला. त्यांना मागची भिंत दाखवता आली नसती का? आली असती. मग ज्योतीचं काय उरलं असतं?

माझ्या चित्रात नेमकं हेच झालं होतं. मी सगळंच दाखवलं होतं. कोपरा आणि अंगण सारखेच उजळ. एकाच वर्गातल्या सर्व मुलांना सरसकट साठ गुण द्यावेत तसं. अशाने कुणी नापास होत नाही, पण गुणपत्रिकेला अर्थ उरत नाही. पल्ला पकडायला म्हणून काढलेल्या फोटोंतून मी पल्लाच पुसून टाकला होता.

म्हणजे मोजणी खरी होती, मांडणी खोटी. पाच फोटो आणि त्यांतून निघालेले आकडे यांत माझी लबाडी नव्हती. लबाडी पुढे, ते आकडे पडद्यावर बसवताना झाली. तिथे गणिताचं एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून तर इतकी आडनावं आहेत. तिथे माणूस निवडतो. आणि मी 'जसं होतं तसं' निवडलं नाही, समूहात 'वा!' येईल असं निवडलं.

हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. २०१३ साली 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा मोठा पुरस्कार स्वीडनच्या पॉल हॅन्सन यांना मिळाला. गाझातल्या गल्लीतून मुलांची प्रेतं नेणारी माणसं, असा तो फोटो. तो अनेक फोटो जोडून केलाय असा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ फाइल तपासली आणि निर्वाळा दिला: फोटो एकच आहे, अस्सल आहे, उजेड आणि रंगछटांवर मात्र हात फिरवलेला आहे. पुरस्कार राहिला. तरी पुष्कळांना रुखरुख लागली, की एवढ्या दुःखावर एवढी झळाळी का?

आणि आता तर आपल्या खिशातला फोन हे सारखं करत असतो. २०१० मध्ये आयफोनवर एच.डी.आर. आलं तेव्हा ते बटण होतं, दाबलं तर चाले. गूगलच्या फोनने पुढे अशी रीत आणली की एकदा बोट दाबलं की फोन भराभर अनेक अंधारे फोटो घेतो आणि जोडून एकच आपल्या हातात ठेवतो. आज बहुतेक चांगले फोन असलं काहीतरी न विचारताच करतात. सोय मोठी आहे, नाकारत नाही. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सुनेचा फोटो आता येतो, जो माझ्या आईचा आला नाही. पण पूर्वी उजेड चढवायला निदान बटण दाबावं लागे, आपण काय करतोय ते कळे. आता ते आपल्या वतीने परस्पर ठरतं.

इथेच थांबलो असतो. पण एक गोष्ट राहिली, आणि ती घडली म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

बहिणीच्या बोलण्यानंतर मी ते पाच फोटो पुन्हा उघडले, नव्याने बसवायला. पाचवा, अर्ध्या सेकंदाचा, मोठा करून पाहत होतो. घर रिकामं केलं तेव्हा कोपऱ्यातली तांदळाची कणगी हलवली होती. तिच्यामागची भिंत प्रथमच उघडी पडली होती. तिथे काही पांढुरकं दिसलं. मी उजेड चढवला, अजून चढवला. बोटं होती. चुन्याने ओढलेल्या बोटाच्या रेघा, वर सारवणाचा पातळ हात फिरलेला. उभ्या रेघा, ओळीने. काही पुसून फराटा झालेल्या, काही शाबूत. त्या खोलीत मी वाढलो, पण त्या रेघा कधी पाहिल्या नव्हत्या.

तो तुकडा मी फक्त बहिणीला पाठवला. तिचा फोन लगेच आला. तिला माहीत होतं.

ज्या वर्षी पानवेलींना मर लागली, त्या वर्षी घरात तांदूळ पुरला नाही. आमचे आबा स्वाभिमानी. 'आपल्या घरात उसनं येत नाही' असं ओटीवर चारचौघांत म्हणायचे. आणि ते घरात येत होतं. मागच्या दाराने, शेजारच्या वाडीतून, पदराखाली. एका पायलीला एक रेघ. परत केली की रेघ पुसायची. आईला हिशोब लिहिता येत नव्हता. चुना पानाच्या घरात कायम हाताशी. बहीण तेव्हा सात-आठ वर्षांची असेल, पायली घेऊन तीच जायची. आईने तिला शपथ घातली होती. मी शाळेत पहिला येत होतो आणि मला भात पोटभर मिळत होता. तो कुठून येतो हे विचारायचं मला सुचलं नाही.

"मग ते काचेचं कौल?" मी विचारलं.

ती जरा थांबली. म्हणाली, "सुरुवातीला तिने मागितलं, तेव्हा पैसे नव्हते. पुढे आबांनी आणलं होतं की! आईच म्हणाली, माजघरात नको, देवावर बसवा."

ते देव्हाऱ्यावरचं कौल मला आठवतं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाचा कवडसा नेमका देवांवर यायचा. मला वाटायचं, काय भाविक आई! आता वाटतं, कणगीमागच्या भिंतीवर उजेड नको म्हणून तर नव्हे? खात्रीने सांगता येत नाही. बहीण म्हणते, असं काही नसेल, तोवर तिला अंधाराची सवय झाली होती. विचारायला आई नाही.

पण एवढं कळलं, की प्रत्येक अंधार हा काही कॅमेऱ्याचा दोष नसतो. काही अंधार कुणीतरी राखलेला असतो.

आता माझं मत, आणि ते ठाम आहे. एच.डी.आर. जरूर करावं. उजेड नाही म्हणून ज्या खोल्या आणि ज्या बायका अल्बमात आल्या नाहीत, त्यांच्यासाठी तर करावंच. जुनी घरं, देवळांचे गाभारे, किल्ल्यांच्या आतल्या खोल्या, हे सारं आता झपाट्याने जातंय, आणि एका उघडझापीत ते मावत नाही. पण करताना चार पथ्यं पाळावीत. पहिलं, मूळ फोटो जपून ठेवावेत. जोडलेलं चित्र म्हणजे आपलं मत, मूळ फोटो म्हणजे पुरावा. दुसरं, दाराशी उभं राहून डोळ्यांना जे दिसत होतं ते आठवून मग सॉफ्टवेअरमधल्या खुंट्या पिळाव्यात, आणि जिथे अंधार होता तिथे तो असू द्यावा. तिसरं, जोडकाम केलं असेल तर तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही. आणि चौथं, जी कुणी त्या जागेत राबली असेल तिला आधी दाखवावं, मग समूहाला. चुकीचं काय दिसतंय ते तिला पहिल्या नजरेत कळतं.

मी नवं चित्र केलं. परस थोडा जास्त उजळ राहिला, राहू दे, दुपारी तो तसाच दिपवायचा. खोली दारापाशी उजळ, मग मंद, आणि कणगीचा कोपरा जवळजवळ काळा. भूत घालवण्यासाठी या वेळी मी दुसरा फोटो प्रमाण धरला, म्हणून बहीण उंबरठ्यावर बसलेली आहे. न्यू जर्सीला हेच पाठवलं. नातीने लिहिलं, "आजोबा, आधीचं जास्त छान होतं." तिला हा लेख वाचायला सांगणार आहे.

रेघांचा फोटो मी कुठेही लावणार नाही. बहिणीला विचारलं, निदान लिहू का? ती विचार करून म्हणाली, "लिही. लिहिलं तर ती का तसं वागली तेही सांगता येतं. फोटो नुसता दाखवून मोकळा होतो." भावंडांनो, तुमच्यापैकी कुणाला हे आधी माहीत असेल तर मला कळवा. शाबूत रेघा मी मोजल्या, अकरा आहेत. त्या फेडायच्या राहिल्या, की पुसायच्या राहिल्या, ते शेजारच्या वाडीतल्या एखाद्या जुन्या माणसालाच ठाऊक असेल.

नवं चित्र खाली दिलं आहे. काहीजण म्हणतील, काळं आलंय. पडद्याचा उजेड वाढवू नका. ओटीवरून उन्हातून आत आलं की आम्ही दाराशी क्षणभर थांबायचो, तेवढंच थांबा. दिसायला लागेल.